अननसाची फोड आणि एक नाव

शनिवारी नऊच्या आत फिजीतल्या सुवा शहरातल्या विद्यापीठाचं सभागृह चटया आणि माणसांनी गच्च भरलं होतं. सुजलेले पाय लांब करून बसलेल्या बायका, काठ्या भिंतीला टेकवलेले म्हातारे, नौसोरीहून पहिली बस धरून आलेली अख्खी कुटुंबं. मधुमेह काय, घरटी एकाला तरी होताच. समोर लुंगीसारख्या फुलाफुलांच्या सुलूवर पांढरा कोट चढवून प्रोफेसर साकिउसा उभे होते.

"आज कुणी इन्सुलिन टोचून आलंय का?"

"नाही," सभागृह एका सुरात म्हणालं.

"शाबास. सुई परदेशातली, साखर आपली. परक्या माणसाला आपल्या घरातलं काय कळणार?"

लोक हसले. हा विनोद दर शनिवारी तोच असे आणि दर शनिवारी तेवढाच पिकत असे.

मग पाहुणचार. मुली ताटं घेऊन फिरल्या. पिकलेल्या अननसाची फोड प्रत्येकाने हातानेच उचलून खायची. "आपले आजोबा काट्या-चमच्याने खात होते का?" प्रोफेसर विचारत. खाऊन झालं की बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि आकडा मोठ्याने वाचून आपल्या कागदावर टिपायचा. आमच्याकडच्या मापात चार ते सात म्हणजे माणूस ठीक. इथे बावीस, पंचवीस, तीस. सभागृह हळहळे. मग करवंटीतून कुरा नावाच्या झाडाच्या पानांचा काढा प्यायचा, आणि त्याच काढ्याने भरलेल्या तनोआत, म्हणजे मोठ्या लाकडी परातीत, हात चोळून चोळून बुडवायचे. "कातडीलाही पिऊ द्या," प्रोफेसर म्हणत. स्वच्छ पंच्याला हात पुसून अर्धा तास स्तोत्रं म्हणायची आणि पुन्हा बोट पुढे करायचं. तिसाचे सोळा. अर्ध्या तासात.

"आता बोला," प्रोफेसर म्हणत, आणि पुढच्या चटईवर बसलेले कुलगुरूसुद्धा टाळ्या वाजवत.

मागच्या दाराशी विलिमाइना उभी होती. विद्यापीठात कुणाला कुणाचं गैरकृत्य कळवायचं असेल तर ते तिच्याकडे कळवायचं, ही तिची नोकरी. तिच्या दारावर पाटी होती : 'निर्धास्त बोला. तुमचं नाव इथून बाहेर जाणार नाही.' प्रोफेसरांच्या काढ्यात निदान पानं तरी होती. त्या पाटीमागे नुसती विलिमाइना होती.

तिसऱ्या रांगेत तिची थोरली बहीण तोरिका बसली होती. उजव्या पावलाला फडकं गुंडाळलेलं. तीन महिने तिने इन्सुलिनला हात लावला नव्हता.

मार्च महिन्यात कमलेश्नी विलिमाइनाकडे आली होती. प्रोफेसरांच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काम केलेली बाई, बोलणं सरळसोट.

"मॅडम, यात औषध-बिवषध काही नाही. अननसाचा रस बोटाला लागतो. टोचल्यावर तो रक्ताच्या थेंबात मिसळतो. पट्टी बिचारी फळाची साखर मोजते. मग हात धुतले की खरा आकडा येतो. त्याच वेळी दंडातून काढलेलं रक्त मी वेगळं तपासलंय, वीस जणांचं. दंडात सोळा, बोटावर तीस."

"सरांना ठाऊक नसेल."

"मी लेखी कळवलं, फळ चाचणीनंतर द्या म्हणून. त्यांनी लेखी उत्तर दिलं, फळ आधीच द्यायचं. हे घ्या दोन्ही कागद." ती जरा थांबली. "माझं नाव तर नाही ना जाणार? माझा करार दर वर्षीचा आहे."

"पाटी वाचलीस ना दारावरची?" विलिमाइना म्हणाली होती. ते वाक्य तिला अजून जेवताना आठवायचं.

झालं ते असं. कागद समितीकडे गेले, आणि समितीतल्या कुणीतरी कुजबुज केली. चौथ्या दिवशी प्रोफेसर स्वतः तिच्या खोलीत आले. आवाज खाली, खांदे पडलेले, काखेत पिशवी. पिशवीत ताबुआ, व्हेलमाशाचा जुना पिवळा दात. आमच्याकडे हा दात घेऊन माणूस ज्याच्या दारी जातो, त्याच्यापुढे तो मान टाकतो. समोरच्याने दात घेतला की अपराध पुरला, विषय संपला.

"माइना, माझ्या हातून कुणीतरी दुखावलंय," ते म्हणाले. "कोण म्हणून चौकशी करायला नाही आलो. मला माफी मागायचीय. दात कुणापुढे ठेवू, एवढंच सांग."

आणि विलिमाइना विरघळली. लहानपणापासून तिने हेच पाहिलं होतं. एवढा मोठा माणूस दात घेऊन गुडघ्यावर यायला तयार आहे, मग आडवं कोण येणार? नियम तिला पाठ होता. पण दात दिसला की नियम कुठला आठवतो. तिने नाव सांगितलं. वर "सर, मन मोठं आहे तुमचं" असंही म्हणाली.

तो दात कमलेश्नीपर्यंत पोचलाच नाही. पोचलं ते पत्र. कराराची मुदत वाढवता येत नाही, शुभेच्छा. समितीचे कागद 'अभ्यासाधीन' झाले. आणि आपलं बिंग फुटेल या भीतीने विलिमाइना गप्प बसली. "हा गोपनीय विषय आहे," असं ती स्वतःलाच समजावायची. बहीण दर शनिवारी काढ्याला जायची तेव्हाही तिने तोंड उघडलं नाही. "ताई, इन्सुलिन सोडू नकोस गं," एवढंच. त्यावर तोरिका म्हणायची, "तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

गेल्या बुधवारी तिने तोरिकाचं फडकं बदललं. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

गुरुवारी ती आईने जपून ठेवलेला ताबुआ घेऊन बाजारात गेली. कमलेश्नी भावजयीच्या गाळ्यावर रोट्या गुंडाळत होती. विलिमाइना गाळ्यापुढे खाली बसली, दात दोन्ही हातांनी पुढे धरला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

कमलेश्नीने रोटी गुंडाळून गिऱ्हाइकाला दिली, हात पुसले.

"ठेवा तो परत. मी घेतला की तुम्हाला बरं वाटेल आणि विषय संपेल. मला नाही संपवायचा."

"मग मी काय करू?"

"जे मी तुमच्याकडे येऊन केलं तेच करा. चारचौघांत. आणि या वेळी माझं नाव खुशाल घ्या, मी परवानगी देतेय. मागच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं."

म्हणून त्या शनिवारी विलिमाइना मागच्या दारापासून पुढे चालत गेली.

"सर, माझीही साखर मोजा."

"तुला कुठे मधुमेह आहे?" प्रोफेसर हसले.

"नाही ना? मोजाच."

ताटातली फोड तिने उचलली, खाल्ली, बोट पुढे केलं. मुलीने आकडा वाचला आणि गोंधळून पुन्हा वाचला, "एकवीस." सभागृह हळहळलं. विलिमाइना काढ्याकडे गेलीच नाही. कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्यांदा बोट टोचून घेतलं.

"पाच," मुलगी म्हणाली.

"हा काढा नळातून येतो," विलिमाइना म्हणाली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. "तोरिकाताई, तुझा कागद दे. बघा. पहिल्या शनिवारी हात धुतल्यावर नऊ. पुढच्या महिन्यात बारा. आज सोळा. दर वेळी उतरली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या आणि साखर चढत होती."

"ही बाई विद्यापीठाचा विश्वासघात करतेय," प्रोफेसर कुलगुरूंकडे वळून म्हणाले.

"तो मी मार्चमध्येच केलाय. कमलेश्नीने हे सगळं लिहून दिलं होतं. तिचं नाव मी सरांना सांगितलं. तिची नोकरी माझ्यामुळे गेली."

कुलगुरू चटईकडे पाहत होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. तोरिकाचा, अगदी हळू.

"माइना, मार्चपासून तुला माहीत होतं?"

"हो, ताई."

"आणि आता जून आहे."

विलिमाइना सभागृहाकडे वळली. ती बोलत राहिली, कारण आता गप्प बसणं हा पुन्हा तोच गुन्हा झाला असता. "आकडा उतरला असं कुणी म्हणालं, तर पहिला आकडा कसा घेतला ते विचारा. डॉक्टरला न विचारता इन्सुलिन सोडू नका, सांगणारा कितीही मोठा असो. आणि काही चुकतंय असं सांगायला कुणी पुढे आलं, तर तो कोण हे शोधत बसू नका. तो म्हणतो ते खरं आहे का, तेवढं तपासा."

सोमवारी काढा बंद झाला. कमलेश्नीला परत बोलावणारं पत्र निघालं. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. तोरिकाची दोन बोटं गेली, पाय वाचला. विलिमाइना रोज इस्पितळात जाते, साबणाने हात धुते, मग बहिणीचे धुते आणि साखर मोजते. तोरिका हात पुढे करते, पण तिच्याशी बोलत नाही.

दारावरची पाटी विलिमाइनाने स्वतः काढली. आईचा दात अजून तिच्या पिशवीतच आहे.