छिद्राची आतली कड

थिलोने घरीच क्लॅरिनेटच्या एका कळीखालची, छिद्र झाकणारी जुनी गादी चाकूने खरवडून काढली. त्यात छिद्राच्या काठाचा टवका उडाला. नेमक्या त्याच छिद्राच्या स्वरावर आज संध्याकाळी प्लाउएनच्या ऑपेरात, सोलोमध्ये, त्याला एकट्याने थांबायचं होतं. त्याचं उमेदवारीचं वर्ष संपत आलं होतं. पडदा पडला की वाद्यवृंदातले सहकारी त्याला कायम करायचं की नाही, यावर मत देणार होते.

मार्कनॉयकिर्शेनला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एडेलगार्ड ग्लीअरने टवका नुसता गोंदाने भरून द्यायला नकार दिला.

"पुन्हा निघेल. तोही तुझ्या सोलोतच."

तिने दुखावलेला भाग कोरून काढला आणि काळ्या लाकडाचा नवा तुकडा बसवला, त्याच्या रेषा वाद्याच्या रेषांशी जुळवून. गोंदाचा वास जावा म्हणून तिचा भाऊ लोथार याने खिडकी सताड उघडली. बाहेर बर्फ होतं. तुकडा पक्का झाल्यावर तिने त्यात छिद्र पाडलं. गादी नीट बसली. पण थिलोने फुंकलं तेव्हा स्वर घोगरा आणि उतरलेला लागला.

हे अपेक्षितच होतं. छिद्र आतल्या बाजूने थोडं पसरट करावं लागतं. एडेलगार्डने शंकूसारखं पातं नळीतून आत सरकवलं, दांडा छिद्रातून वर घेतला आणि हलकेच फिरवला. स्वर मोकळा झाला. दुसऱ्यांदा फिरवला. घोगरेपणा गेला.

थिलोने टेबलावरच्या, स्वर मोजणाऱ्या ट्यूनरकडे बोट दाखवलं. "काटा अजून खाली आहे, फ्राऊ ग्लीअर. अजून जरा काढा."

"बस झालं."

"खाली आहे म्हणतोय ना. रात्री वाजवायचं मला आहे."

"आणि काढलेलं लाकूड परत लावायचं मला आहे. आतल्या कडेला ते मला येत नाही."

"काढ की थोडं," लोथार म्हणाला. "पोराची बस जाईल."

एडेलगार्डने पातं पुन्हा आत घातलं. दांड्यावर बोटं टेकवली आणि थांबली. नळी तिच्या तळहाताला बर्फासारखी लागत होती. तिने पातं बाहेर घेतलं आणि वाद्य थिलोला दिलं.

"शेजारचा स्वर वाजव."

तोही खाली. त्याच्या पलीकडचाही. सगळं वाद्य गारठून उतरलं होतं. इथे काटा जुळवला असता, तर थिएटरच्या उबेत हा एकच स्वर चढून सगळ्यांच्या कानात शिरला असता.

तिने पातं ॲप्रनच्या खिशात टाकलं. "लोथार, खिडकी उघडणारा तू. आता यालाही तूच पोचव. हीटर पूर्ण लाव. आणि तू, ती नळी स्वेटरच्या आत घे."

"चुकलं तर?" थिलोने विचारलं.

"तर मला शिव्या घाल. आत्ता ऊब दे."

गाडी गेली. एडेलगार्डने दुसरं काम हातात घेतलं, पण ते पुढे सरकेना.

फोन लोथारचा होता. "घाटात थांबलोय. घामाघूम झालोय. ऐक."

थिलोने सोलोची ओळ वाजवली. तिने डोळे मिटून नवा स्वर शोधला. तो बाकीच्यांतून वेगळा सापडला नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

दुसऱ्यांदाही तिला कळलं नाही की नव्या छिद्राचा स्वर कधी येऊन गेला.

"वाजला का तो?"

"दोनदा वाजला की," लोथार म्हणाला.

"मग थांबलात कशाला? निघा."