माझ्यातली दहावी चूक

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे, पण ज्या माणसाची मी फाइल आहे तो माणूस कधी जन्मालाच आला नाही. दचकू नका, मी सरावाची फाइल आहे. एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, ‘मनुष्यबळ विभाग’ अशी पाटी लावलेल्या खोलीत माझे सगळे आयुष्य गेले. कोण कामाला लागले, कोणी रजा घेतली, कोणाची बढती झाली, याचे कागद इथे सांभाळतात. खाली चारशे माणसे काम करतात आणि वर त्यांच्या चारशे फायली असतात. मी चारशे एकावी.

मला घडवले तारीखबाईंनी. त्या या विभागाच्या प्रमुख होत्या. कोणीही कागद पुढे केला की त्या आधी तारीख कुठे आहे ते विचारत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना याच नावाने ओळखत. त्यांच्या हाताखाली दरवर्षी नवे सहायक येत. परीक्षेत उत्तम गुण, पण रजेचा अर्ज कुठे लावायचा याचा पत्ता नाही! खऱ्या माणसांच्या फायलींवर त्यांचा हात बसू द्यायला बाई तयार नव्हत्या. म्हणून त्यांनी दोन रविवार घरी बसून एक खोटा कर्मचारी कागदावर उभा केला आणि त्याच्या फाइलमध्ये मुद्दाम नऊ चुका पेरल्या. अर्जात एक जन्मतारीख, दाखल्यात दुसरी. नेमणूकपत्रावर सहीच नाही. रजा मागायच्या आधीच मंजूर झालेली. एक प्रमाणपत्र तर भलत्याच माणसाचे.

नवा सहायक आला की पहिल्याच सकाळी बाई मला त्याच्यापुढे आपटत.

“यात नऊ चुका आहेत. सापडेपर्यंत चहा नाही.”

मुले माना खाली घालून बसत. पाच चुका पटकन सापडत, सातव्या चुकीपाशी घाम फुटे. नववी सापडली की जो तो असा उठे, जणू गड जिंकला. “माझ्यापेक्षा ही फाइलच चांगली शिकवते,” असे बाई म्हणत, तेव्हा माझे पुठ्ठे फुगत. खोटे कशाला बोलू, मी फार तोऱ्यात होते. चारशे फायली नुसत्या कपाटात पडून असत आणि माणसे घडवत होते मी.

तो तोरा उतरला एका सोमवारी. बाई बैठकीला गेल्या होत्या. एक उंच सहायक, नोकरीचा पाचवाच दिवस, मला उघडून बसला होता. तेवढ्यात पॅकिंग खात्यातल्या मावशी अर्ज घेऊन वर आल्या. कामाला लागताना कोणीतरी त्यांची जन्मतारीख दोन वर्षे आधीची लिहिली होती. ती दुरुस्त करायला नियमाने पाच वर्षांची मुदत होती आणि मावशी मुदतीत आल्या होत्या. सोबत शाळेचा दाखलाही होता. सहायकाने अर्जावर कागद मिळाल्याचा शिक्का मारला, तारीख घातली. मावशींकडे दुसरी प्रत नव्हती, त्यामुळे पोच द्यायची राहिली.

“राहू द्या मावशी, मी बघतो,” तो म्हणाला. फोन वाजला. अर्ज माझ्या उघड्या पानांवर ठेवून तो उठला आणि परत आल्यावर त्याने मला मिटून टाकले.

मला ओरडता आले असते तर! पण कागदाला तोंड नसते. महिन्याभरात बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. त्यांनीही माझ्यावर दोन तुकड्या शिकवल्या. त्यातल्या एका मुलीला मावशींचा अर्ज सापडलासुद्धा. तिने यादीत आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिले, ‘चूक सहावी, दुसऱ्याचा कागद,’ आणि तो पुन्हा माझ्यातच लावला. नऊ आकडा भरला की सगळे चहाला पळत. दहावी चूक असू शकते, हे कोणाच्या मनातही आले नाही. पुढे शिकवणी संगणकावर गेली आणि मी तळाच्या खणात, संपलेल्या शाईच्या बाटल्यांशेजारी. धूळ सोसली, वाळवीचे भय सोसले, पण पोटातला तो कागद मला सोसत नव्हता.

अशी सात वर्षे गेली. मग एका बुधवारी खोलीत मावशींचा आवाज ऐकू आला.

“साहेब, अठ्ठावन्न भरली म्हणून शुक्रवारी मला निरोपाचं पत्र देताय म्हणे. मला अजून छप्पन्नच झालीत! धाकटीची नर्सिंगची दोन वर्षं राहिलीत. मी अर्ज दिला होता. उंच मुलगा होता, माझ्यासमोर शिक्का मारला त्यानं.”

“मावशी, तो केव्हाच सोडून गेला. फाइलमध्ये अर्ज नाही, म्हणजे तुम्ही दिलाच नाही.”

“साहेब, फाइलमध्ये नाही एवढंच आपल्याला माहीत आहे,” कोपऱ्यातून आवाज आला. तीन आठवड्यांपूर्वी लागलेली सहायक बोलली होती. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. पोरगी जागची हलली नाही.

“शुक्रवार दुपारपर्यंत शोध,” ते म्हणाले. “पण रोजचं काम सांभाळून.”

ती कंबर कसून उभी राहिली. एकेक फाइल काढायची, एकेक पान उलटायचे, बघितलेल्या फाइलवर पेन्सिलने टिंब द्यायचे. गुरुवारी तीन कपाटे झाली. शुक्रवारी डबा न उघडताच तिने चौथे संपवले आणि गुडघे टेकून तळाचा खण ओढला.

“अगं, ती सरावाची आहे. तिच्यात खरं काही नाही,” साहेब म्हणाले.

“असू द्या. कागद लावायची जागा तर आहे ना?”

आणि तिने मला उघडले. बाराव्या पानावर तिचा हात थांबला. शिक्का, तारीख, मावशींचे नाव, सगळे जागच्या जागी होते आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली ती ‘चूक सहावी’. ती मोठा श्वास सोडून जमिनीवर बसली. मला तर रडायलाच आले.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “गुपचूप मावशींच्या फाइलमध्ये लाव. इथं सापडला हे कशाला सांगायचं? खात्याचं नाक कापलं जाईल.”

“त्यांच्या फाइलमध्ये अर्ज नाही, असं बुधवारी तुम्हीच वरिष्ठांना लिहून कळवलंय. मग आज आला कुठून, असं कोणीही विचारेल. मागाहून घुसवला म्हणतील आणि किटाळ मावशींवर येईल.”

साहेबांनी अर्जावरचा शिक्का पुन्हा एकदा पाहिला. मग त्यांनी कोरा कागद तिच्याकडे सरकवला. कागद कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या पानावर, कधी आणि कोणाला सापडला, ते तिने सरळ लिहिले. ‘चूक विभागाची आहे,’ हे शेवटचे वाक्य होते. साहेबांनी सही केली. निरोपाचे पत्र रद्द झाले.

मावशी अंगावरचा निळा एप्रन न काढताच वर आल्या. बातमी ऐकून आधी हसल्या, मग माझ्याकडे पाहत राहिल्या.

“यात होता? सात वर्षं? आणि कोणी पाहिलाच नाही?”

“पाहिला होता मावशी,” मुलगी हळूच म्हणाली. “सरावाचा समजून परत ठेवला.”

मावशींचे हसू मावळले.

“त्यावर माझं नाव होतं ना, पोरी? मी रोज खालीच होते. कोणी जिन्यातून एक हाक मारली असती, तर मी ओ दिली असती.”



मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशा खोलीत कामाला बसेल. आम्हा फायलींना ओल लागू देऊ नका, आमच्या दोऱ्या घट्ट बांधा, एवढे तर कराच. पण एखाद्या कागदावर माणसाचे नाव दिसले, तर तो बाजूला ठेवण्याआधी उठा, जिन्यापाशी जा आणि ते नाव मोठ्याने पुकारा. बहुतेक वेळा खालून कोणीतरी ओ देते.