भिंतीकडे तोंड केलेली झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. गळती बुजवायला तळाला दोन डाग दिलेले आहेत, तोटी जराशी वाकडी आहे आणि मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झाली आहे. तेलाच्या रिकाम्या डब्यातून एका कारागिराने मला घडवले. त्याने मला इतके ठोकले की काही विचारू नका! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नाही, पण झारीपण आले.

मला विकत घेतले एका घड्याळजींनी. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे चार पावलांची गॅलरी आणि तिथे अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लिंबाचे एक झाड. त्यांनी ते बी पेरून वाढवले होते. दिवसभर भिंग लावून घड्याळांची चाके बसवणारे हे गृहस्थ आठवड्यातून फार तर दोनदा पाणी घालत. त्याआधी मातीत बोट खुपसून पाहत. माती ओली लागली, की मला खाली ठेवून हळूच म्हणत, "आज तुला सुट्टी." मला भारी राग यायचा. काठोकाठ भरलेल्या झारीला कसली आलीय सुट्टी?

झाडाला दरवर्षी लिंबे धरत. येणारेजाणारे झाडाचे कौतुक करत, मग त्यांची नजर माझ्यावर पडे आणि मीही उगाच ताठ उभी राही.

मग एका थंडीत घड्याळजी आजारी पडले आणि गेले. गॅलरीत त्यांची खुर्ची तशीच राहिली. मला वाटले, आता आपल्याला कोण विचारतो? अडगळीत जाणार आपण! पण झाले भलतेच. इतके काम मला जन्मात कधी पडले नव्हते.

घड्याळजींचा मुलगा बस चालवतो. तो पहाटे ड्यूटीवर जाण्याआधी पाय न वाजवता यायचा, मला भरायचा आणि झाडावर रिती करायचा. दुपारी दवाखान्यातली पाळी संपवून सूनबाई यायची. पायातल्या चपला काढण्याआधी तीही एक झारी ओतायची. संध्याकाळी दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकत आई यायच्या. त्यांचीही एक झारी. तिघांचा जीव त्या झाडात अडकलेला आणि तिघांपैकी कोणी कोणाजवळ चकार शब्द काढलेला नाही.

पाने पिवळी पडू लागली. पान गळले की तिघेही घाबरायचे आणि जास्तच पाणी घालायचे. ज्याला त्याला वाटे, माझीच हयगय झाली. मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते. पण मला तोटी आहे, जीभ नाही. माझ्याच पाण्याने ते झाड बुडत होते आणि मी मुकाट्याने ओतत होते.

अशात कॉलनीच्या सामाईक बागेत प्रदर्शन भरले. तिथे जुन्या अवजारांचे एक टेबल होते, म्हणून सूनबाईने मला घासूनपुसून नेऊन ठेवले. रविवारी तिघेही बघायला आले. फुटक्या किटलीत कोथिंबीर, फाटक्या बुटात फुले, गळक्या बादलीत टोमॅटो! आई हरखून म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे तर किती मोडकं सामान पडलंय!" कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून असे मोकळे वाक्य आले.

टेबलाशी बाग सांभाळणाऱ्या माळीणबाई उभ्या होत्या. आईंनी रुमालाची गाठ सोडून एक पिवळे पान त्यांच्यापुढे धरले.

"बाई, हे बघा हो. आमच्या ह्यांचं लिंबाचं झाड आहे. रोज पाणी घालते, तरी चाललंय हातचं."

"रोज? घरात पाणी कोण घालतं?"

"मीच," आई म्हणाल्या.

"अहो आई, मी घालते की," सूनबाई म्हणाली.

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मी पण."

आई त्याच्याकडे वळल्या. "तू? कधी रे?"

"पहाटे. तू उठायच्या आत. तिथे उभं राहिलं की रडू येतं मला, आई. म्हटलं, तू बघायला नको."

माळीणबाईंनी पान हातात घेतले. "तहानेनं नाही हो, पाण्यानं टेकीला आलंय झाड. ड्रमची भोकं मोकळी करा. आठ-दहा दिवस थेंबसुद्धा नको. मग मातीत बोट घालून बघायचं आणि कोरडं लागलं तरच द्यायचं."

"बोट घालून?" आई आपल्या बोटाकडे बघत म्हणाल्या. "हे घालायचे बोट. नखात माती जाते म्हणून मी ओरडायची त्यांना."

मग त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या. या वेळी मुलाने डोळे लपवले नाहीत.

घरी येऊन त्यांनी ड्रमची तुंबलेली भोके तारेने मोकळी केली. घाण पाणी भळाभळा वाहिले आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत्या चादरीवर पडले. त्यावरून व्हायची ती बोलणीही झाली. मग मुलाने भिंतीत एक खिळा ठोकला. नियम असा ठरला, की पाणी घालील त्याने मला तोटी भिंतीकडे करून टांगायचे. म्हणजे बाकीच्यांना कळेल. शेजारी गळक्या किटलीत पुदिनाही लागला.

मातीत आधीचेच पाणी मुरलेले, म्हणून तीन आठवडे मी भिंतीकडे तोंड करून लटकत होते. एका सकाळी आईंनी मला काढून भरले आणि मातीत बोट खुपसले. मग त्या वाकून काहीतरी पाहू लागल्या. फांदीच्या टोकाला तीन कोवळी पाने फुटली होती. त्यांनी घरातल्या दोघांनाही हाका मारल्या. मग मला हळूच खाली ठेवत म्हणाल्या, "ओलं आहे गं अजून. आज तुला सुट्टी."

मला वाटत होते, घड्याळजींचे ते शब्द फक्त मीच ऐकले आहेत.

मित्रांनो, झाडावर माया करा, पण आधी बोट घालून बघा. आणि घरात कोणाच्या जिवाला काय लागले आहे, तेही एकमेकांना विचारत जा. पुढेमागे एखादी भरलेली झारी नुसतीच बाजूला ठेवलेली दिसली, तर तिची कीव करू नका. आता मला सुट्टीचा राग येत नाही.