आधी धोंडा, मग माणूस

स्की छकुलीनं स्वतः पारखून घेतल्या, मऊ बर्फात बुडणार नाहीत अशा रुंद पट्ट्यांच्या. बूट घोट्याला घट्ट, हेल्मेट कपाळावर न हलणारं. परवा गुलमर्गला निघायचं होतं. तिथल्या न तुडवलेल्या, रानटी उतारांवरून घसरत यायला चौघांची तुकडी ठरली होती. तिकोणा पेठेच्या वरच्या ठाकरवाडीतून अशा तुकडीत पोचलेली ही पहिलीच. दोन हिवाळे तिनं त्यासाठी हाडं झिजवली होती.

लोणावळ्यातल्या क्लबच्या खोलीत तुकडीप्रमुख सुहाससरांनी शेवटी तिच्या हाती बीकन ठेवला. बर्फाचा लोंढा कोसळून माणूस गाडला गेला, तर छातीवरचं हे यंत्र आतून हाक घालतं. वरच्यांच्या यंत्रांना ती कळते. बाकीच्यांचे बीकन नवे. हिच्या बीकनला चिकटपट्टी.

"सर, ह्यो तपासलाय का?"

"हिरवा दिवा लागतोय ना? बास."

"दिवा तर देवळात बी लागतो. पुरून बघू या."

तुकडीतली प्रेरणा फिसकन हसली. सर हसले नाहीत.

छकुलीचा बाप बुधा मधासाठी कडा उतरायचा. वाडीची रीतच होती: दोराला आधी धोंडा, मग माणूस. कालचाच दोर असला तरी धोंडा सोडायचा, झोके द्यायचे, वर ओढायचा. मग बुधा कड्याच्या पाया पडायचा.

"हे मध काढणं नव्हे, छकुली," ती रीत तिच्याकडून ऐकलेले सर म्हणाले.

"न्हाई ना. तितं दोर डोळ्याला दिसतो तरी."

क्लबच्या अंगणात बांधकामाची वाळू होती. तिनं बीकन हातभर खोल पुरला. सर आपलं यंत्र घेऊन चाळीस पावलांवरून निघाले. यंत्र मुकं. वीस पावलांवरही मुकं. वाळूवर पाय पडला तेव्हा कुठं ते चिवचिवलं.

"शोधायला मी असेनच," सर म्हणाले. कान लाल झाले होते.

"तुमी असाल वो. मी घावंन का? पंधरा मिन्टांत काडलं तरच जित्ती, तुमीच शिकवलंय."

"दुसरा नाही. हा घे, नाहीतर नाव काढतो."

तिनं बीकन वाळूतून उपसून काढला.

"काडा. पर ह्यो फळीवर परत जायचा न्हाई. उद्या दुसऱ्या कुणाच्या छातीवर बांधाल." बीकनमधले सेल काढून तिनं मुठीत धरले.

प्रेरणानं आपला बीकन उतरवला. "सर, माझापण पुरून बघू. मग कुणाकुणाची नावं काढायची ते ठरवा."

"नवा आहे तो."

"असू दे."

सरांनी पुण्याला फोन लावला. "एक बीकन पाहिजे. उद्याच. चालणारा."

"आला की त्यो बी पुरणार," छकुली म्हणाली, आणि फावड्यानं प्रेरणाच्या बीकनसाठी खड्डा खणू लागली.