सोडून देण्याची शिकवणी

तिसऱ्यांदा नापास झालेल्या माणसाला सहानुभूती मिळत नाही, सल्ले मिळतात. पहिल्या वेळी आई माझ्याबरोबर रडली होती. दुसऱ्या वेळी मामाने फोन करून "चालायचंच गं" म्हटलं होतं. या वेळी मामाने फोनसुद्धा केला नाही, एक व्हिडिओ पाठवून दिला. त्यात कोट घातलेला एक गृहस्थ स्टेजवर येरझाऱ्या घालत जिद्द म्हणजे काय ते सांगत होता. मी अर्ध्यातच बंद केला. त्या गृहस्थाला एकदा आमच्या हिशोबाच्या पेपरला बसवा म्हणावं, मग बघू जिद्द कुठे जाते ती.

ही परीक्षा अकाउंटंटची, शेवटची. पास झालं की कंपन्यांच्या हिशोबांवर सही करता येते. नाही झालं तर तेच हिशोब तपासायचे, तितकंच डोकं खपवायचं, पण खाली सही दुसऱ्याची. एकदा सुटलेला पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, म्हणून कायदा, कर, ऑडिट हे सगळे माझे कधीच सुटले होते. अडकला होता तो एकटा हिशोबाचा. म्हणजे नेमकं जे काम मी ऑफिसात रोज करते ते. ज्याचा ताळेबंद जुळत नाही तो माझ्या टेबलाशी येतो, "ताई, जरा बघता का" म्हणतो, आणि मी बघते. माझ्या हातून जुळला नाही असा ताळेबंद आमच्या ऑफिसात अजून झालेला नाही. आणि मी हिशोबात नापास. सांगायची सोय नाही.

नापास का होत होते हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पेपरातला पहिला प्रश्न मोठा असतो. एका कंपनीचे हिशोब देतात, त्यांचा ताळेबंद मांडायचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या यायला हव्यात. नाही आल्या तर कुठेतरी चूक आहे. आता चूक आहे हे दिसत असताना ती तशीच टाकून दुसऱ्या प्रश्नाला हात घालणं माझ्याने होत नाही. मी शोधत बसते. शेवटी सापडतेच. पण तोवर घड्याळ कुठल्या कुठे गेलेलं असतं आणि मागचे प्रश्न कोरे राहतात. तिन्ही वेळा हेच झालं. ताळा जुळवून नापास होणारी सगळ्या हॉलमध्ये मी एकटीच असेन.

ही सवय बाबांची. बाबा एका कारखान्याच्या हिशोब खात्यात हेडक्लार्क होते, निवृत्त होईपर्यंत. ताळा जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, हा त्यांचा नियम. मी शाळेत होते तेव्हाच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की दोन बेरजांमधल्या फरकाला नवाने भाग गेला तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत, आणि फरक निम्मा करून तीच रक्कम कुठे दिसली तर ती चुकीच्या बाजूला बसली आहे. इतर मुलींचे बाबा गोष्टी सांगायचे, माझे हे सांगायचे.

बाबासुद्धा तरुणपणी एकदा या परीक्षेला बसले होते. घरात सगळ्यांना माहीत आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. नापास झाले, पुन्हा बसले नाहीत. का, असं विचारलं की म्हणायचे, "आपला तो पिंडच नव्हता." मग कारखान्यात दर वर्षी बाहेरून एक सनदी अकाउंटंट यायचा, बाबांनी तयार केलेल्या हिशोबांवर सही करायचा आणि चहा घेऊन जायचा. बाबा त्याला फाटकापर्यंत सोडायला जायचे.

तर निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. आता बास, असं घरात जाहीर करून टाकलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागाने माणूस निदान काहीतरी करतो. मला नुसता कंटाळा आला होता स्वतःचा. मैत्रिणींची लग्नं झाली, मुलं शाळेत जायला लागली, आणि मी आपली दर वेळी "या परीक्षेनंतर बघू" म्हणत राहिले. त्या परीक्षेने माझी एवढी वर्षं खाल्ली आणि ढेकरही दिला नाही.

ऑफिसात गेले तर तिथे धांदल चॉकलेटं वाटत होती. धांदल म्हणजे आमच्याकडची सगळ्यात नवी मुलगी. तिचं हे नाव साहेबांनी ठेवलं, आणि तिचं काम ज्याने पाहिलंय तो नावं ठेवणार नाही साहेबांना. एक शून्य कमी, एक शून्य जास्त, व्याज घसाऱ्याच्या घरात. दिवसभर मी तिच्या मागून निस्तरत फिरते. ती पास झाली होती. पहिल्याच वेळी. साहेब म्हणाले की पुढच्या महिन्यापासून ती सही करायला लागेल, तिच्या फायली तुम्हीच तयार करत जा.

मी चॉकलेट घेतलं, अभिनंदन केलं, आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "पहिला प्रश्न फार किचकट होता ना? तुझा लगेच जुळला का?"

"कुठला हो ताई," ती म्हणाली. "जवळपासही नव्हता. मी खाली रेघ मारली आणि पुढे गेले."

"रेघ मारलीस आणि पुढे गेलीस?"

"मग काय करणार? मार्क पायऱ्यांना असतात. जुळण्याला कितीसे असतील, दोन-चार. त्यांच्यासाठी बाकीचा पेपर घालवायचा का?"

ती अगदी साधेपणाने बोलत होती, मला टोचावं म्हणून नव्हे. त्यामुळे माझ्या अंगाचा जास्तच तिळपापड झाला.

रात्री जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. तोंडसुख घ्यायला हवंच होतं कुणासमोर तरी. न जुळलेला ताळेबंद टाकून उठते आणि पास होते, वर सहीही करणार, असलं काय काय मी बोलत होते. आई मान डोलवत होती. बाबांचा घास हातातच राहिला होता.

"पास झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"ताळा न जुळवता?"

"हो बाबा, मघापासून तेच तर सांगतेय."

बाबांनी घास ताटात परत ठेवला. पोट भरलं म्हणाले आणि हात धुवायला उठले. आई माझ्याकडे बघायला लागली, जसं काही मीच काही बोलले होते त्यांना.

सकाळी आईच्या आवाजाने जाग आली. "अहो, उतरा आधी, पडाल या वयात," असं चाललं होतं. बाहेर येऊन बघते तर बाबा स्टुलावर उभे, डोकं माळ्यात. माझ्या पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी ओढून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फॉर्म भर."

"मी नाही भरणार. बाबा, माझ्यात आता जीव उरलेला नाही त्यासाठी."

ते स्टुलावरून उतरले, धुळीचे हात लेंग्याला पुसले. "तुला हिशोब येतो," ते म्हणाले. "तुला सोडता येत नाही. सोडायला मी कधी शिकवलंच नाही. ती चूक माझी आहे, ती मला दुरुस्त करू दे."

बाबांच्या तोंडून "माझी चूक" हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. इच्छा झाली, उमेद आली, असलं काही झालं नाही. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच. मी फॉर्म भरला.

मग आमच्या घरात सोडून देण्याची शिकवणी सुरू झाली. ऑफिसला जायच्या आधी मी ताळेबंद सोडवायला बसायचे आणि बाबा आईचा स्वयंपाकघरातला टायमर घेऊन समोर. टायमर वाजला की कागद काढून घ्यायचे. जुळलेला असो नसो.

"बाबा, एक मिनिट. सापडतंय."

"एक मिनिट नाही. फरक लिही, रेघ मार, पुढचा प्रश्न घे."

पहिल्या आठवड्यात आमची कागदावरून ओढाओढी व्हायची. एकदा तो फाटला. मी इतकी चिडले की डबा न घेता ऑफिसला गेले. कागद हातातून गेला तरी फरकाचा आकडा डोक्यात घुमत राहायचा, पुढचा प्रश्न दिसायचाच नाही. सकाळी उठायचं जिवावर यायचं. बाबा एकदाही म्हणाले नाहीत की जिद्द ठेव, तुला जमेल. ते चहा आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "ऊठ, सोडायची वेळ झाली." त्यावर हसू यायचं, आणि हसल्यावर झोपून राहता येत नाही.

गंमत पुढेच होती. माझ्याकडून काढून घेतलेला कागद बाबा गॅलरीत न्यायचे, चष्मा लावून त्यात डोकं घालायचे. मी इकडे दुसऱ्या प्रश्नात असले की तिकडून आवाज यायचा, "घसारा दोनदा धरलायस." किंवा, "शेवटचा शिल्लक माल एकाच जागी घेतलास, दुसरीकडे राहिला."

"अहो, परीक्षेला तिला बसायचंय की तुम्हाला?" आई विचारायची. बाबा कागदाची घडी करून खिशात ठेवायचे.

परीक्षेच्या दिवशी पहिला प्रश्न यायचा तसाच आला. मांडला, बेरजा केल्या, जुळल्या नाहीत. फरक छोटासा होता, आणि छोटा फरक जास्त छळतो, कारण वाटत राहतं की हा काय, आत्ता सापडेल. पेन्सिल आपोआप वरच्या ओळींकडे जायला लागली. मग मी फरक लिहिला, खाली रेघ मारली आणि पान उलटलं. कोणाचं तरी मूल रस्त्यात टाकून पुढे गेल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. पण मागचे सगळे प्रश्न लिहून झाले आणि मग बेल वाजली.

बाबा परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभे होते. "सगळे सोडवलेस?"

"सगळे."

"ताळा?"

"नाही जुळला."

त्यांनी मान हलवली. बसमध्ये शेजारी बसल्यावर हळूच विचारलं, "फरक केवढा होता?"

मी सांगितला. ते ओठांत पुटपुटले, बोटांवर काहीतरी केलं. "नवाने भाग जातोय. आकडे उलटे पडलेत कुठेतरी."

"बाबा, झाला आता पेपर."

"माझ्याही फरकाला नवाने भाग जात होता," बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल बोलतायत.

"माझ्या परीक्षेत. मीही पहिलाच प्रश्न घेऊन बसलो होतो, बेल होईपर्यंत. माझा तर जुळलाही नाही. घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं, मशिनरीचा आकडा उलटा लिहिला होता. तेवढंच." ते खिडकीबाहेर बघत होते. "मला वाटलं, ज्याला एक ताळेबंद जुळवता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. सोडायचा असतो हे कोणी सांगितलंच नाही. त्या मुलीचं तू सांगितलंस तेव्हा कळलं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

निकाल लागला. काठावर का होईना, सुटला. आई पुन्हा रडली, मामाने पुन्हा व्हिडिओ पाठवला, धांदलने ऑफिसात सगळ्यांना माझ्यावतीने चॉकलेटं वाटली आणि मोजण्यात चुकून तीन कमी आणली. बाबांनी माझा फोन हातात घेऊन निकाल दोनदा वाचला, पाठीवर हात ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी त्यांचा चहा घेऊन गेले. "आता तुमची शिकवणी बंद," मी म्हटलं.

"सही करताना मात्र ताळा बघ," ते म्हणाले. "तिथे सोडायचं नाही."

"नाही सोडणार."

त्यांनी चहा सावकाश संपवला. मग विचारलं, "काय गं, या परीक्षेला वयाची अट नसते ना?"

मला हसू आलं. "का, बसताय की काय? आई म्हणतच होती."

ते हसले नाहीत. "आणि किती वेळा बसावं, याला?"

"त्यालाही अट नाही. कितीही वेळा बसा."

"तेव्हाही नव्हती," बाबा म्हणाले, आणि रिकामा कप आत ठेवायला उठले.