पिवळी बरणी

सानवीचं पोट दुखायला लागलं तेव्हा आधी वाटलं, जंत झाले असतील. मग वाटलं, बालवाडीत जायचं टाळते आहे. चार वर्षांची पोर. दूध नको, भात नको, आणि मधूनच अशी चिडायची की निशिगंधाला ती आपली सानवी वाटायचीच नाही. चेहरा पांढराफटक पडला तेव्हा मात्र निशिगंधा आणि तिचा नवरा अजिंक्य लेकीला घेऊन रत्नागिरीत डॉक्टरांकडे गेले.

रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"तुम्ही दोघं काय करता?"

"घरीच मातीची भांडी बनवतो," अजिंक्य म्हणाला. "मिरजोळ्याला. कप, वाडगे, बरण्या."

"आणि त्यांवर चकाकी कसली देता?"

चकाकीचं, म्हणजे ग्लेझचं, सगळं काम निशिगंधाचं होतं. अजिंक्य चाक आणि भट्टी बघायचा.

"मुलीच्या रक्तात शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "इतक्या लहान वयात ते मेंदूपर्यंत पोचतं. घाबरवत नाही, पण आजपासून घरातली ती भांडी बंद."

घरी येईपर्यंत दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच रंग होता. काजूच्या पिकल्या बोंडूसारखा तो पिवळा निशिगंधाला मुंबईच्या एका प्रदर्शनात मिळाला होता. विकणाऱ्याने साध्या पिशवीतून पूड दिली. तिने विचारलं होतं, खायच्या भांड्यांना चालेल ना? "बिनधास्त वापरा," तो म्हणाला, आणि तिने विश्वास ठेवला. त्या पिवळ्याचा पहिला मग तिने सानवीला दिला होता. सानवी त्यातून रोज कोकम सरबत प्यायची.

अजिंक्यने फळीवरचा एक पिवळा वाडगा काढला, त्यात लिंबू पिळलं आणि झाकून ठेवला. सकाळी त्याने रस ओतून टाकला. जिथपर्यंत रस होता तिथपर्यंत वाडग्याची चकाकी गेली होती. आतून तो खडूसारखा निस्तेज दिसत होता.

"आंबट लागलं की शिसं सुटतं," तो हळूच म्हणाला.

निशिगंधा ओट्याला टेकून खाली बसली. कोकम, सोलकढी, लिंबू, कैरी. इथे आंबटाशिवाय जेवण होतं कुणाचं?

त्या दिवशी त्यांनी भट्टी लावली नाही. पिवळी भांडी नेलेल्या ज्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले. कुणी घाबरलं, कुणी ओरडलं, कुणी "बरं" म्हणून फोन ठेवला. गुहागरच्या एका होमस्टेवाल्याने सांगितलं की त्याच्याकडे वाडगे अजून खोक्यातच आहेत. निशिगंधाला रडू आलं, तेवढ्याने.

मग अजिंक्यने विचारलं, "ती बरणी कुणी नेली?"

पिवळी बरणी एकच होती. शहरातल्या जत्रेत त्यांनी स्टॉल लावला होता तेव्हा एका बाईने नेली होती. रोख पैसे देऊन. नाव नाही, नंबर नाही. पण निशिगंधाला ती नीट आठवत होती, कारण तिला सहावा महिना होता आणि तिने बरणी पोटाशी धरून पाहिली होती. "लोणच्यासाठी हवी," ती म्हणाली होती. "मला सारखं आंबट खावंसं वाटतंय."

निशिगंधाने हे सांगितलं तेव्हा अजिंक्यचा चेहरा उतरला.

"अजून काय म्हणाली? आठव."

"नीट बांधा म्हणाली. हातखंब्यापर्यंत स्कूटरवरून न्यायचीय. नवऱ्याचं तिथे पंक्चरचं दुकान आहे."

सानवीला शेजारी ठेवून दोघं तडक हातखंब्याला गेले. महामार्गावरच्या ट्रकांच्या धुळीत एकेका टायरवाल्याला विचारत सुटले. प्रत्येक दुकानापाशी निशिगंधाला वाटायचं, इथे नसावी. आणि पुढच्याच क्षणी वाटायचं, इथेच सापडू दे.

तिसऱ्या दुकानात एक माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. संदेश त्याचं नाव. अजिंक्यने विचारलं तसा तो उभा राहिला.

"माझीच बायको. काय झालं?"

दुकानामागेच घर होतं. दारात त्याची आई, दमयंती, तांदूळ निवडत बसली होती. बरणीचं नाव काढताच ती हसली.

"हाय ना. कैरीचं लोणचं घातलंय मी तिच्यात. सून तर जेवताना वाटीभर घेते. कोण तुम्ही? आणखी बरण्या इकायला आलाव?"

आतून ती बाई बाहेर आली. ईशा. पोट आता चांगलंच पुढे आलेलं. तिने निशिगंधाला ओळखलं आणि तीही हसली.

मग अजिंक्यने सगळं सांगितलं. दमयंतीच्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं. संदेशने पुढे येऊन अजिंक्यची कॉलर धरली.

"विष विकता काय लोकांना?"

अजिंक्यने हात वर केला नाही. "आमचीही मुलगी आहे," तो एवढंच म्हणाला. "तिच्याही रक्तात निघालंय."

संदेशची मूठ तशीच राहिली, पण जोर गेला.

ईशाने दोन्ही हात पोटावर ठेवले होते. तिने दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही, फक्त निशिगंधाकडे बघितलं.

"ताई, बाळाला काय होईल?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. काही होणार नाही, एवढंच म्हणायचं. पण निशिगंधाला ते जमलं नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता आमच्याबरोबर दवाखान्यात चला. मी आहे."

ईशा गाडीत तिच्या शेजारी बसली. वाटेत एकदा बाळ हललं तशी ती दचकली, आणि नकळत तिने निशिगंधाचं मनगट घट्ट धरलं. रत्नागिरी येईपर्यंत सोडलं नाही.

रिपोर्ट यायच्या दिवसांत निशिगंधा झोपेतून उठून सानवीला हलवून बघायची. पोरगी बोलताना एखाद्या शब्दाला अडखळली तरी ती तिला तो पुन्हा म्हणायला लावायची. तिने आपलंही रक्त तपासलं. त्यातही शिसं होतं. पूड चाळताना नाकातोंडात गेलेलं. अजिंक्यने काम करायची पडवी पुन्हा पुन्हा ओल्या फडक्याने पुसली, पिवळी भांडी फोडून पोत्यात भरली, आणि ती पोती कुठे न्यायची हे समजेना म्हणून दाराबाहेर बसून राहिला.

ईशाच्या रक्तातही निघालं. पण लोणचं घालून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे थोडं. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, दूध, नाचणी घ्यायला सांगितलं. बाळाबद्दल मात्र ते म्हणाले, "जन्मल्यावर बघू."

भर पावसात एका दुपारी निशिगंधा माती मळत होती तेव्हा संदेशचा फोन आला. नंबर बघून तिला तो उचलवेना. अजिंक्यने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"मुलगी झाली," संदेश म्हणाला. मागे कोणीतरी जोरात रडत होतं. "डॉक्टर म्हणतात, वरवर ठीक आहे. रक्त पुढच्या महिन्यात तपासायचंय."

"सानवीचंही तेव्हाच आहे," अजिंक्य म्हणाला. "मागच्या वेळी कमी झालं होतं."

"मग एकाच दिवशी नेऊया," संदेश म्हणाला. "ईशा म्हणते, निशिगंधाताई असल्या म्हणजे बरं."

निशिगंधाने हो म्हटलं. तिच्या हातातला मातीचा गोळा तिने इतका दाबला होता की बोटांमधून बाहेर आला होता.