बंधू एल्डनचं लाल सरबत

"बाहेर पड, चोरट्या सैताना!" फिरता धर्मोपदेशक बंधू एल्डन गरजला आणि त्याने माझ्या भावाच्या, कॉर्बिनच्या, कपाळावर सणसणीत थापट मारली. मग त्याला चमचाभर लाल सरबत पाजलं. भजनं संपेपर्यंत कॉर्बिनची थरथर थांबली, घाम सुकला, तो चक्क हसला. प्रार्थनेच्या तंबूत हालेलुयाचा नुसता कल्लोळ!

वेस्ट व्हर्जिनियातलं आमचं गाव खाणीचं. खाण बंद पडली, मग पाठदुखीच्या, चटक लावणाऱ्या गोळ्या आल्या आणि गोळ्यांमागून हेरॉइनची पूड. माझं हार्डवेअरचं दुकान. तांब्याची तार ठेवायची सोय उरली नव्हती, लगेच चोरीला जायची. कॉर्बिनने तर आईच्या घरातले नळसुद्धा उपटून विकले.

बंधूचं शास्त्र सोपं होतं. नशा म्हणजे सैतान, तोच चोऱ्या करवतो. "लहान सैतान पाकीट मारतो, मोठा सैतान मोटार!"

"आणि मधला?" मी विचारलं.

"ओपल, गप्प बस!" आईने कोपर मारलं.

पण चोऱ्या खरंच थांबल्या. कॉर्बिन रोज सकाळी तंबूत चमचा घ्यायचा आणि दिवसभर माझ्या दुकानात राबायचा.

मग बंधू परगावचे सैतान काढायला गेला आणि आठवडाभर फिरकला नाही. परतला तेव्हा तंबूतला जनरेटर गायब होता, आणि बाकांवर त्याचे सगळे 'बरे झालेले' भक्त ओकत, कण्हत पडले होते.

"सैतान परतले! तुमची श्रद्धा कमी पडली!"

"सगळे एकदम कामावर रुजू झाले होय?" मागून गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अर्लीन म्हणाल्या. "युनियन आहे वाटतं त्यांची! ते सरबत दाखवा बघू."

"पवित्र पेयाला अविश्वासी हात लागणार नाही!"

चमचा कॉर्बिनसाठी भरलेला होता. त्याने तो हातात घेतला, ओठांपर्यंत नेला. त्याचे डोळे त्या लाल थेंबांवर खिळले होते. मग त्याने तो डॉक्टरांपुढे धरला. "बघा लवकर. माझा धीर सुटतोय."

डॉक्टरांनी तपासणीची पट्टी आधी साध्या पाण्यात बुडवली. दोन रेघा उमटल्या. दुसरी सरबतात बुडवली, तर एकच रेघ, म्हणजे औषध सापडलं.

"मेथाडोन. अफूच्या जातीचं औषध. तल्लफ भागवतं, म्हणून चोरीची गरज उरत नाही. दवाखान्यात आम्ही हेच मोजून देतो. हा अंदाजाने ओततोय. जास्त झालं तर झोपेतच श्वास थांबेल."

बाकावर कण्हणाऱ्या मुलाजवळ बसलेल्या हेझल मावशी उसळल्या. "पण माझा पोरगा सुधारला होता ना?"

"होता. औषधाने सुधारला होता. मग औषध म्हणूनच द्या की त्याला!"

पोलिसांनी बंधूला नेलं. ते औषध त्याने दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून चोरलेलं निघालं. आणि हा गृहस्थ बिअरलासुद्धा न शिवणारा! त्याच्या अंगात कोणता सैतान होता, हे तंबूत कुणीच विचारलं नाही.

कॉर्बिन आता दवाखान्यात जातो. मध्ये एकदा पुडीकडे घसरला, पण पुन्हा तिथेच गेला. मी एवढंच सांगते: तुमच्या घरातलं माणूस असं चोरी करायला लागलं, तर त्याच्या कपाळावर थापट मारणाऱ्याकडे नेऊ नका. त्याची नाडी बघणाऱ्याकडे न्या.